बोटीच्या नाकावरचे तडे

कारभारी अण्णांची एक खोड मला आता पाठ झाली आहे. फोटो काढायचा असला की ती ‘आमची बोट’ असते आणि बोटीला काही झालं की ती ‘तुमची बोट’ होते. त्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि पलीकडून पहिलंच वाक्य आलं, “ताई, तुमच्या बोटीला परत तडे गेले की वो.” म्हटलं, चला, आज फोटो नाही.

अण्णा बोरगव्हाणचे सरपंच. गाव नाथसागराच्या पाणफुगवट्याच्या काठावर आहे. तिथली बोट मी बनवली आहे, त्यामुळे त्यांचा नंबर माझ्याकडे आहे आणि माझा नंबर, दुर्दैवानं, त्यांच्याकडे.

“अन् ह्या डावाला सोडायचं नाय,” अण्णा म्हणाले. “बन्सीनं खडकावर घातली असंल. नायतर मग तुमचा माल कच्चा. दोन्हीतलं एक कायतरी हायेच. रविवारी गाव बसणारंय. तुम्ही या, नीट करून द्या, अन् चारचौघांत सांगा काय झालंय ते. मग बोट कोणाच्या हातात द्यायची ते आम्ही बघतो.”

माल कच्चा! वाळूजला माझी फायबरची शेड आहे. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, लग्नाच्या मांडवामागं उभे करतात ते फिरते संडास, असलं सगळं मी बनवते. बजाजनगरातल्या आमच्या घरात रेझिनचा वास येतो म्हणून नवरा कुरकुरतो, शेजारणी नाक मुरडतात. मुरडू देत. माझ्या टाक्या फुटत नाहीत आणि माझे संडास गळत नाहीत, एवढीच माझी मिरवायची गोष्ट. त्यावर ह्या माणसानं बोट ठेवलं. फोन ठेवला तेव्हा मी इतकी चिडले होते की समोरच्या चहावर साय धरेपर्यंत मला तो दिसलाच नाही.

बोरगव्हाणची बोट ही काही हौसेची बोट नाही. पलीकडच्या टेकाडावर गावाची एक वस्ती आहे. पाणी चढलं की ती बेटासारखी सुटी पडते. पूर्वी लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून यायचे-जायचे. मागच्या पुरात तसाच एक तराफा उलटला आणि नाथा नावाचा तरणा मुलगा गेला. मग गावानं वर्गणी काढली आणि माझ्याकडून बोट करून घेतली. पांढरी, कडेला निळा पट्टा. ती चालवायला नाथाचा थोरला भाऊ बन्सी पुढं झाला. वस्तीवरची पोरं रोज त्या बोटीनं शाळेत येतात. पाण्याखाली कुठं जुन्या बाभळींची खोडं आहेत, कुठं बुडालेल्या विहिरीचा कठडा आहे, हे बन्सीला स्वतःच्या घरातल्या उंबऱ्यासारखं ठाऊक आहे. आता त्याच्या हातातून बोट काढायची अण्णांना घाई झाली होती. का झाली होती, ते तिथं गेल्यावर कळलं.

रविवारी मी कमरोद्दीनचाचांना घेऊन निघाले. चाचा माझ्या शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, शहागंजचे. दाढी मुळातच पांढरी, त्यावर फायबरची भुकटी, त्यामुळे माणूस नेहमी नुकताच गिरणीतून आल्यासारखा दिसतो. बोरगव्हाणच्या बोटीचा जेलकोट, म्हणजे वरचा पांढरा थर, त्यांच्याच हातचा. गाडीत मी अण्णांचं वाक्य त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “कच्चा म्हन्ला? अपने माल को?” आणि पैठण येईपर्यंत परत तोंड उघडलं नाही.

बोट काठावर ओढून जुन्या टायरांवर ठेवली होती. मी तिच्यात डोकावले आणि तशीच मागं सरकले. तळाशी नारळाचं पाणी आंबून चिकट झालं होतं, त्यात झेंडूचे कुजलेले हार, त्यावर मुंग्या. करवंट्यांचे तुकडे, शेंड्या, अर्धवट जळालेल्या उदबत्त्या. एकानं तर उदबत्ती थेट माझ्या जेलकोटवर टेकवून विझवली होती, तिथं तपकिरी डाग. पोरांनी बसायचं त्या फळीखाली गुटख्याच्या पुड्या, आणि कोपऱ्यात कुणीतरी पिचकारी मारलेली. ज्या बोटीला हात जोडतात तिच्यात हे लोक थुंकतात, आणि थुंकताना चप्पल मात्र बाहेर काढून ठेवत असतील.

“बाई, ये बोट है के उकिरडा?” चाचा म्हणाले.

“उकिरडाच, चाचा. पण तडे गेलेत, म्हणजे आज ती आपली आहे.”

आम्ही आधी ती धुऊन काढली. घागरी भरभरून पाणी आणून देत होता तो बन्सी. तिशीतला, काटक, काळासावळा. आम्ही आल्यापासून त्यानं ‘या’ एवढंच म्हटलं होतं. नाकावर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कुंकवाचा जाड थर साचला होता. तो साबणानं निघाला आणि खाली तडे दिसले.

फायबरच्या बोटीला बाहेरून गुळगुळीत चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. नखाएवढाच जाड. आतलं फायबर दणकट, लवचीक. हा वरचा थर मात्र कडक आणि म्हणून ठिसूळ. जोरात काही आपटलं तर आतल्या फायबरला काही होत नाही, पण जेलकोटला तडे जातात. तसे हे तडे. एका ठिकाणाहून चहूकडे पसरलेले, मधोमध टवका उडालेला. रेघांत कुंकू मुरलेलं, त्यामुळे पांढऱ्यावर लालभडक शिरा. चाचांनी खिशातून नाणं काढून आजूबाजूला वाजवून पाहिलं. आवाज सगळीकडं भरीव, टणक. म्हणजे इजा वरवरची, कातडीपुरती.

आता हे बघा. बोट खडकावर गेली तर कुठं लागेल? खाली, पोटाला. लांब ओरखडा उठेल. हे तडे नाकाच्या वरच्या अंगाला होते, पाण्यापासून चांगले हातभर उंच. तिथं खडक लागायचा तर खडकाला उडी मारता यायला हवी. मी वाकून टवक्यात बघितलं. आत काहीतरी अडकलं होतं. चिमटीनं ओढून काढलं. नारळाची शेंडी.

मी ती शेंडी चाचांना दाखवली. त्यांनी ती बोटांत फिरवली, बोटीतल्या करवंट्यांच्या ढिगाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

मागच्या खेपेलाही ह्याच जागी आम्ही भरलं होतं. तेव्हा मी विचारलं होतं, काय लागलं? अण्णा म्हणाले होते, “काय की बुवा.” काय की बुवा! बोट पाण्यात उतरली तेव्हा अण्णांनी नारळ फोडला, ह्याच नाकावर, मी स्वतः टाळ्या वाजवायला उभी होते. मग आमदारकीची आस असलेले एक पाहुणे आले, त्यांनी फोडला. दसऱ्याला फोडला असणार. मोटार बसवली तेव्हा फोडला असणार. गाडीला नारळ वाढवतात तो लोक चाकापुढच्या रस्त्यावर वाढवतात, कुणी बोनेटवर आपटत नाही, कारण बोनेटची किंमत कळते. इथं चाक नाही, रस्ता नाही, मग हाणा नाकावर.

तेवढ्यात अण्णांचा पुतण्या शिवम आला. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात मोबाइल, मोबाइलला काठी.

“मॅडम, जरा बाजूला व्हता का? तड्याचा क्लोजअप घेतो,” तो म्हणाला.

“कशाला?”

“गावाच्या पेजवर टाकायला. पुढच्या महिन्यापासनं बोट मीच चालवणारंय ना. काका म्हणले, बन्सी लई निष्काळजी हाय. मी लाइफ जॅकेट घालून ड्रोन शॉट काढणार, पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवणार. टुरिझम.”

“आणि वस्तीवरची पोरं?”

“त्येंचं बघू सकाळच्या टायमाला. जमंल तसं.” मग खाजगीत सांगावं तशा आवाजात म्हणाला, “एकदा चालवली व्हती मी. फुल स्पीड. पोरं नुस्ती चिंब. लई ओरडली.”

असं होय! मला त्याच्या गॉगलची, काठीची, त्याच्या अत्तराची, सगळ्याची शिसारी आली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. सगळं माझ्या हातात आलं होतं. आज चारचौघांत उभी राहून मी ती शेंडी वर धरणार आणि विचारणार, सांगा, हा कुठला खडक? आणि हा खडक कुणाच्या हातात होता? अण्णांचं तोंड कसं होईल, तेही मी बघून ठेवलं. मनातल्या मनात भाषण तयार होऊ लागलं. चांगलं होत होतं.

शिवम गेल्यावर मी बन्सीला जवळ बोलावलं. “घाबरू नकोस,” म्हटलं. “तू खडकावर घातलेली नाहीस हे मला कळलंय. हे नारळाचे तडे आहेत. आज सगळ्यांसमोर सांगणार आहे मी.”

मला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. त्याच्या हातातली घागर निसटली आणि उरलेलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

“नगा ताई,” तो म्हणाला. “तेवढं नगा बोलू.”

“का? अण्णांना भितोस?”

“अण्णाला काय भ्यायचंय. खडकावर घातली म्हणून सांगा. मी व्हय म्हणतो.”

“डोकं फिरलंय का तुझं? बोट काढून घेतील तुझ्याकडून. त्या गॉगलवाल्याला देतील. तुझ्या वस्तीची पोरं त्याच्या हातात जातील, कळतंय का?”

“कळतंय.”

“मग?”

तो बोटीच्या कडेला टेकला. गाव जमणार होतं त्या देवळाकडं एकदा बघून घेतलं, कुणी येत नाही ना म्हणून. चाचा घासायचा पाणीपेपर भिजवत होते, त्यांनी हात थांबवला.

“अण्णानं एकदा फोडला, पाव्हण्यांनी एकदा,” बन्सी म्हणाला. “बाकी समदे माझ्या आईचे हायेत. दर अवसेला येती. तिला नीट दिसत नाय, चार-पाच डाव हाणती तवा कुठं फुटतो. मी नाक धरून उभा ऱ्हातो.”

“आणि तुला माहीत होतं, तडे त्यानंच जातात?”

“डोळ्यानं बघतोय की.”

“मग सांगायचं नाही का तिला?” माझा आवाज चढला. “खाली दगडावर फोड म्हणायचं. कुठला देव म्हणतो बोटीवरच फोड?”

“नाथाला तिनंच धाडलं व्हतं, ताई.” तो भराभर बोलून मोकळा झाला. “पलीकडं शेळ्या ऱ्हायल्या व्हत्या. पाणी चढाया लागलं, तर ती म्हणली, जा, तेवढ्या घेऊन ये. तो नगं म्हणत व्हता. ही रागं भरली, म्हणून गेला. तवापासनं ती नीट जेवत नाय. बोट आली तवा कुठं जरा माणसात आली. तिच्या मनानं घेतलंय, नारळामुळं बोट शाबूत हाय अन् मी शाबूत हाय. आता तिला म्हणायचं, तुझ्या नारळानंच बोट फुटायली? एका पोराला धाडलं ते धाडलं, अन् दुसऱ्याची बोट पण तूच फोडायलीस? ताई, ती पाण्याकडंच जाईल वो. नारळ नाय, काय नाय, नुस्ती जाईल.”

राग मात्र गेला नाही. उलट जास्तच आला. अण्णांवर, त्या पाहुण्यांवर, बन्सीवरसुद्धा, की हा माणूस इतका शहाणा कशाला झाला. माझं भाषण इतकं छान जुळलं होतं, त्याचं मी आता काय करू?

“आज कुठली तिथी आहे?” मी विचारलं.

“अवसच हाय,” बन्सी म्हणाला. “येईल ती दुपारी.”

म्हणजे ताज्या भरलेल्या जागेवर लगेच नारळ. वा! मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मशीन उचलून ते कामाला लागले.

तडा बुजवायचा तर आधी तो मोठा करावा लागतो, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. चाचांनी प्रत्येक रेघ बारीक यंत्रानं खरवडून उघडी केली, आतलं कुंकू, मळ, मागच्या खेपेचा सुटलेला भाग, सगळं काढलं. कडा उतरत्या केल्या. धूळ झाडून ॲसिटोननं पुसलं. मी रंग जुळवायला बसले. नवी बोट दुधासारखी असते, पण उन्हात राहून तिला पिवळट झाक येते, म्हणून पांढऱ्यात थेंबभर पिवळा आणि सुईच्या टोकावर येईल एवढा काळा घालायचा. काळा जरा जास्त झाला की गेलंच सगळं, गोठ्याच्या भिंतीसारखा रंग येतो. त्या दिवशी रागाच्या भरात काळा जास्त पडला आणि पहिली वाटी तशीच बिघडली. दुसरी जमली. त्यात हार्डनर घालून चाचांनी ते लोण्यासारखं भरलं, पातळीच्या किंचित वर राहील असं. मग वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, कारण हवा लागली की वरचा भाग चिकटच राहतो. आता उन्हात वाळेपर्यंत थांबायचं.

थांबल्यावर डोकं चालतं, हाच वैताग असतो. बन्सीनं खडक कबूल केला तर बोट शिवमकडं. नारळ सांगितला तर म्हातारी खलास. अण्णांच्या तोंडचे दोन्ही पर्याय मी आठवून पाहिले. बन्सीनं खडकावर घातली, नायतर तुमचा माल कच्चा. दुसरा पर्याय आठवला आणि तोंडात कडू पाणी आलं. नाही, म्हटलं. काय वाटेल ते होवो, हे नाही. ह्या गावासाठी मी माझ्या हातानं माझ्या तोंडाला काळं फासू? ह्या थुंकणाऱ्या गावासाठी? आजूबाजूच्या गावांना बोटी हव्या आहेत, अण्णाच त्यांना माझं नाव सांगत होते. आणि कच्चा माल मी कधी आयुष्यात वापरला नाही. घसरगुंडीला वापरला नाही, संडासाला वापरला नाही.

कागद काढला तेव्हा भराव कडक झाला होता. चाचांनी पाणीपेपर घेऊन घासायला सुरुवात केली, आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. पांढरं पाणी ओघळत होतं. शेवटी कंपाउंड लावून कापडानं चमक आणली. जागा कुठं होती, हे मलाही हात फिरवून कळेना.

तोवर गाव जमलं. देवळापुढं बसायचं होतं, पण बोटीभोवतीच सगळे उभे राहिले. वस्तीवरच्या बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. अण्णा पांढऱ्या कडक कपड्यांत. शिवमची काठी माझ्या तोंडासमोर. बन्सी मागं, मान खाली. आणि गर्दीतून वाट काढत, पदराखाली काहीतरी धरून, एक म्हातारी आली. बाया तिला ‘वच्छलाबाई, हिकडं बसा’ म्हणत होत्या. ती बसली नाही. डोळे किलकिले करून बोटीचं नाक कुठं आहे ते शोधत होती.

“तर मंडळी,” अण्णांनी घसा साफ केला, “बोट आपली हाय, गावाची हाय. तिची अशी नासाडी व्हयाला लागली तर जबाबदारी कोणाची? आज ताई शहरातनं मुद्दाम आल्यात. त्या सांगतील, तडे कशानं गेले. बन्सीनं खडकावर घातली का?”

बन्सीनं मान वर केली आणि तोंड उघडलं.

“खडक नाही,” मी त्याच्या आधी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मग अण्णांच्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं, आणि माझ्या खिशात ती शेंडी होती, तिच्यावर माझी बोटं होती. ती काढावी आणि त्या माणसाच्या नाकावर मारावी, असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं! “बन्सीची चूक नाही. माझा माल कच्चा होता.”

मला माझाच आवाज परका वाटला.

“वरचा थर मी हलक्यातला वापरला,” मी पुढं रेटलं. “उन्हानं तडकला. कारागिराचा दोष नाही, माल मी आणते. आत्ता नीट केलंय. पण थर नाजूकच आहे, तेव्हा त्यावर काही आपटायचं नाही. नारळ वाढवायचा तर इथं काठावरच्या दगडावर वाढवा. बोटीवर पाणी शिंपडा. देवाला तेवढं पोचतं.”

चाचा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता हे संतापणार. जेलकोट त्यांच्या हातचा, आणि असला अपमान त्यांनी कधी सोसला नव्हता. ते पुढं झाले, हात पुसले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “हौ. मैं बोला था बाई कू. सस्ता माल नक्को, सस्ता माल नक्को. सुनतेच नै किसी की.”

मी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं. ते खुशाल मान हलवत होते. एवढी रंगत आणायची काही गरज नव्हती.

“बघा! मी म्हणलो नव्हतो?” अण्णांना हर्ष मावेना. “मी पयल्या दिवशीच म्हणलो व्हतो, माल कच्चा हाय. माझी नजर चुकत नाय. आता शेजारच्या गावांना पण सांगावं लागंल बुवा.” आणि शिवमला म्हणाले, “घेतलं का रे?”

“समदं घेतलं काका,” शिवम म्हणाला. “फायबरवाली बाई कबूल झाली. व्हायरल हाय हे.”

तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. माझा चेहरा त्यात एरंडेल प्यायल्यासारखा आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलं आहे, ते वाचायचं मी सोडून दिलं.

पण तेव्हा वस्तीच्या बायकांमधून एक जाडजूड बाई पुढं आली. भामाबाई, तिच्या तीन नातवंडांना बन्सी रोज शाळेत आणतो असं तिनंच मोठ्यानं जाहीर केलं. “मग बन्सीला काऊन बोल लावता वो अण्णा?” ती म्हणाली. “खोट बाईच्या मालात निघाली. पोराचा काय गुन्हा? बोट त्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या शिवमच्या बोटीत मी माझी लेकरं नाय बसवायची, आत्ताच सांगते.” मागून बाया ‘व्हय व्हय’ करायला लागल्या. बाप्यांमधूनही एकदोघं बोलले. अण्णांनी शिवमकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. आत्ताच जिंकलेलं आत्ताच हरायचं त्यांना नको होतं. “ऱ्हाऊ द्या मग,” ते म्हणाले. “बन्सीच चालवंल. आपल्याला काय, सत्य बाहेर आल्याशी मतलब.”

सत्य! मी थुंकले असते, पण त्या काठावर आधीच बरंच थुंकून झालं होतं.

लोक पांगले. चाचा सामान गोळा करायला लागले, गुणगुणत. मी हात धुवायला पाण्याकडं गेले. मागं दगडावर ठक ठक आवाज झाला, चारपाच वेळा, आणि मग नारळ फुटल्याचा. बन्सी कुणालातरी ‘हळू’ म्हणत होता. जरा वेळानं वच्छलाबाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हातात खोबऱ्याचा तुकडा. तो तिनं माझ्या ओल्या हातावर ठेवला.

“तूच का ती फायबरवाली?” तिनं विचारलं.

“हो मावशी.”

“बाई, राग धरू नको. पण लेकरं बसत्यात त्या बोटीत. माझा बन्सी बसतो. सस्त्यासाठी असं करू नये.”

माझ्या जिभेवर सगळं आलं. माझ्या टाक्या, माझे संडास, पंचवीस ठिकाणी हात भाजून शिकलेलं काम. तिच्या मागं बन्सी उभा होता, माझ्याकडं बघत.

“चुकलं मावशी,” मी म्हणाले.

म्हातारीनं चाचपडत माझं मनगट धरलं. हात खरखरीत होता, पण पकड घट्ट.

“चुकतं माणूस,” ती हळूच म्हणाली, बन्सीला ऐकू जाणार नाही असं. “तू चारचौघांत बोलून तरी टाकलंस. बरं केलंस. माझ्याकडनं पण एक झालंय, बाई. लई मोठं. मला अजून तोंड उघडाया नाय जमलं.”

ती तशीच माझं मनगट धरून पाण्याकडं तोंड करून उभी राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की माझं तसलं काही नाही, मी काही चुकलेली नाही. मी मनगट सोडवून घेतलं नाही. मग तिनं विचारलं, “हलकं वाटतं का गं, सांगितल्यावर?”

“हो,” मी म्हणाले. “वाटतं.”